साडेचोवीसला काय झालं

अचलगडच्या राजपुत्राला औटकी येत नव्हती. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. राजपुत्र मकरंद 'दोन औट सात' इथवर सुखरूप पोचायचा आणि पुढे खिडकीबाहेरच्या चिंचेकडे बघत बसायचा. राजपुत्राला मारायची पंतोजींची छाती नव्हती, म्हणून त्यांनी शेजारच्या पोरांना मारून पाहिलं. तरी गाडी तिथेच अडली.

"महाराज, दोष माझा नव्हे, मैदानाचा आहे," पंतोजींनी दरबारात हात जोडले. "पोरं संध्याकाळी हुतूतू खेळतात आणि सकाळी शिकवलेलं सगळं घामाबरोबर वाहून जातं."

राजा अचलसेनांना हे ताबडतोब पटलं, कारण ते स्वतः कधी हलतच नसत. जेवण गादीपाशी येई, प्रजा गादीपाशी येई आणि गादीत महाराजांच्या आकाराचा खड्डा पडला होता. उठायचं झालंच तर दोन सेवक हात धरून ओढत.

"विद्या बसून येते," महाराज म्हणाले. "मी सारं राज्य बसून चालवतो. मैदान नांगरा आणि तिथे वांगी लावा." महाराजांना भरीत फार आवडे.

ही बातमी तबेल्यात पोचली तेव्हा मोतद्दाराची मुलगी हौसा लीद उपसत होती. दिवसभर ती घोड्यांची उस्तवार करायची आणि संध्याकाळी मैदानात उतरली की थोराड पोरांच्या तंगड्या धरून त्यांना लोळवायची. मैदान गेलं तर तिच्या वाट्याला नुसती लीदच उरणार होती. ती हातपाय न धुता थेट दरबारात शिरली. दरबाऱ्यांनी उपरणी नाकाला लावली.

"महाराज, मैदान नांगरू नका. त्याच मैदानात म्या राजपुत्राला औटकी शिकवते."

"तुला येते का?"

"न्हाई."

दरबार खो खो हसला. महाराजही हसले, पण हट्टी माणसाला गंमत सापडली की तो सोडत नाही.

"ठीक आहे. उद्या दिवस मावळायच्या आत मकरंदाने औटकी म्हणायची. पाटी नाही, छडी नाही, पंतोजी नाहीत. नाही जमलं, तर मैदान तू स्वतः नांगरायचं."

हौसाने डोकं खाजवलं. एका दिवसात पाढा, तोही पंतोजींशिवाय! तेवढ्यात पंतोजींना वाटलं, अजून एक खिळा ठोकावा.

"आणि महाराज, एका दमात! मधे श्वास घेतला तर पाढा धरायचा नाही."

हौसाचा चेहरा एकदम खुलला.

"एका दमात? मागनं फिरायचं न्हाई हां, पंतोजी. आन् म्हनायचा कसा, बसून का हुबं ऱ्हाऊन?"

"झाडावर चढून म्हणू दे!" महाराज गरजले.

"मग तुमी मैदानात या. नांगरायचं झालं तर तुमच्या डोळ्यांदेखत नांगरीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाने मैदानात मधली रेघ मारली आणि पोरांना नवा नियम सांगितला. "आज हुतूतू म्हनायचं न्हाई. चढाईला जाईल त्यानं औटकी म्हनायची. आकडा चुकला की बाद."

मग काय, जो तो तिनाच्या घरात बाद! एक म्हणे दहा, दुसरा म्हणे अकरा. गचांड्या धरायची वेळ आली, तेव्हा मकरंदाने चिंचोके गोळा केले, अर्ध्यासाठी काही फोडले आणि मातीत मांडून मोजले. साडेदहा! भांडण मिटलं ते पुढच्या घरात पुन्हा पेटलं, पुन्हा चिंचोके आले. समोरची बाजू तर कान टवकारून उभी, कारण चढाईवाला चुकला की त्यांचा फायदा. दुपारपर्यंत चिंचोक्यांकडे कुणी बघेनासं झालं.

संध्याकाळी गादी आली. गादीवर महाराज होते आणि गादीखाली घामाघूम झालेले भोई होते. पंतोजी शेजारी उभे राहून नांगराकडे प्रेमाने बघत होते.

मकरंदाने छातीत दम भरला आणि रेघ ओलांडली. "एक औट साडेतीन, दोन औट सात, तीन औट साडेदहा..." चार औटला त्याने एकाला शिवलं. सहा औटला हौसाने त्याचा पाय धरला. तिला मैदान हवं होतं, पण म्हणून ती पाय सोडणाऱ्यातली नव्हती! सात औटला सगळी फळी त्याच्या अंगावर पडली. ढिगाऱ्याखालून आवाज येतच राहिला, "आठ औट अठ्ठावीस, नऊ औट साडेएकतीस..." एक हात बाहेर आला, मातीत सरपटत रेघेला लागला. "दहा औट पस्तीस!"

"जिंकला! माझा मकरंद जिंकला!" महाराज ओरडले.

"महाराज, हे पाठांतर नव्हे, हा धांगडधिंगा आहे," पंतोजी कळवळून म्हणाले.

"मग तुम्ही म्हणून दाखवा. एका दमात. बसून."

पंतोजी मांडी घालून बसले. साडेसतरापर्यंत त्यांचा चेहरा वांग्यासारखा झाला आणि एकविसाला ठसका लागला. पोरांनी एका सुरात निकाल दिला, "बाद!"

महाराजांनी हसू दाबलं आणि ते हौसाकडे वळले. "पण पोरी, माझं म्हणणं खोटं ठरलं नाही. विद्या बसूनच येते. हा आपला एखादा अपवाद."

"आसंल, महाराज. पर तुमी हुबं का?"

महाराजांनी खाली पाहिलं. पाय जमिनीवर होते. गादी चार हात मागे पडली होती आणि हात धरणारे दोघे सेवक तोंड उघडं टाकून बघत होते.

"अरेच्चा! मी उठलो कधी?"

"साडेचोवीसला, महाराज."

महाराज हसले ते इतके हसले की त्यांना मकरंदाच्या खांद्याला धरून उभं राहावं लागलं. "मैदान पोरांचं! आणि तुला काय हवं ते माग."

"ती गादी द्या. फोडून तिचा कापूस मैदानातल्या मल्लखांबाखाली पसरू. पडलं तरी लागायचं न्हाई."

"घेऊन जा," महाराज म्हणाले आणि पायीच राजवाड्याकडे निघाले. मागून रिकाम्या हातांनी चालणारे भोई औटकी गुणगुणत होते.