मोटारसाहेबांच्या अंघोळीचं पाणी

"पाणी वर चढलंच पाहिजे!" तोलाजीराव महाराजांनी मांडीवर मूठ आपटली. "का नाही चढत? आम्ही नाही रोज चढत?"

महाराज रोज चढत होते हे खरं, पण चार भोयांच्या खांद्यावर, पालखीत बसून! हौसाच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने पदराचं टोक दातांत धरलं आणि शब्द गिळला. पुढे तिचा बाप, रावबा पाटकरी, हात जोडून उभा होता. शेतांना पाटाचं पाणी सोडण्यात त्याचा जन्म गेला होता, पण उलटं वाहणारं पाणी त्याने स्वप्नातही पाहिलं नव्हतं.

झालं होतं असं. भोकरवेलच्या या महाराजांनी मोटार विकत घेतली. राजवाडा टेकडीवर, वर जायला ब्याण्णव पायऱ्या. मोटार काही पायऱ्या चढेना, म्हणून पायथ्याशी तिला वेगळा मोटारखाना बांधला. बरं, मोटार एकदा सुरू केली ती पुन्हा कधी नाही, कारण तिच्या आवाजाने महाराज दचकले! मग तिचं करायचं काय? तर अंघोळ घालायची! रोज दोनदा, रिठ्याच्या पाण्याने, आणि सणासुदीला उटणं लावून. दरबारात तिला 'मोटारसाहेब' म्हणायची सक्ती होती.

रावबाने तळ्यापासून खापरी नळ घालून मोटारखान्यात वाहतं पाणी आणून दिलं. महाराज खूश! पण घोडं अडलं सांडपाण्यापाशी. ते आपलं चरातून उताराने गावच्या ओढ्याकडे निघालं.

"राजघराण्याच्या अंघोळीचं पाणी गावच्या ओढ्यात?" महाराज कडाडले. "चर बुजवा! ते पाणी राजवाड्यात येईल आणि राजवाड्याच्याच गटारातून जाईल!"

संस्थानच्या ओव्हरसियरने हा हुकूम ऐकला आणि तो त्याच दिवशी सासुरवाडीला गेला. अजून परतला नाही. राहिला रावबा.

"दोन महिने देतो," महाराज म्हणाले. "नाही जमलं, तर तेच पाणी घागरीने तूच वर वाहायचं. जन्मभर!"

"अवं सरकार, आबांचं गुडघं बगा की!" हौसाला राहवेना. "उंबरा वलांडताना 'आई गं' म्हनत्यात, ते ब्यान्नव पायऱ्या चढतील व्हय?"

"मग तू चढव पाणी!"

"चढवते!" हौसा रागाच्या भरात बोलून गेली.

घरी येईपर्यंत राग उतरला आणि आपण काय कबूल करून बसलो ते तिला कळलं. म्हातारा रात्रभर गुडघ्यांना तेल चोळत बसलेला तिने पाहिला, तेव्हा तिला रडूच फुटलं.

सकाळी ती भांडी घासून मोरीमागे गेली. तिथे अळू माजलं होतं. कुणाच्याही मोरीमागे असतं तसंच, खरकट्या पाण्यावर पोसलेलं. पानाच्या टोकाशी एक थेंब लोंबत होता. टपकन पडला. जरा वेळाने दुसरा आला.

हौसा कंबरेवर हात ठेवून बघतच राहिली. "अगं बया! ह्ये तर आपसूक चढतंय!"

त्याच दिवशी तिने गावातल्या सगळ्या मोऱ्यांमागून अळूचे कांदे उपटले आणि चर बुजवल्यामुळे मोटारखान्यामागे साचलेल्या डबक्याच्या कडेने लावून टाकले.

"पोरी, सरकारनं पानी चढवाय सांगितलंय," रावबा कळवळला. "भाजी न्हाई!"

"आबा, तुमी निवांत बसा."

मोटारसाहेब रोज दोनदा न्हात होते, अळू रोज दोनदा पीत होतं. दोन महिन्यांत पानं सुपाएवढी झाली!

मुदतीच्या दिवशी हौसा भल्या सकाळी टोपली घेऊन ब्याण्णव पायऱ्या चढली आणि मुदपाकखान्यात टोपली देऊन आली. दुपारी महाराज जेवायला बसले होते, तेव्हा दिवाण वामनपंतांनी बापलेकीला समोर उभं केलं. रावबा लेकीच्या खांद्याला धरून, पायरी-पायरीला टेकत कसाबसा वर आला होता.

"थांबा, थांबा!" महाराजांच्या तोंडात घास होता. "ही अळूवडी बघा! अशी वडी आम्ही जन्मात खाल्ली नाही. हं, बोल पोरी. पाणी चढलं?"

"चढलं की, सरकार!"

"कुठवर?"

"तुमच्या ताटापातुर!"

महाराजांचा घास गालातच राहिला.

"मोटारसायबांच्या न्हानीचं पानी मुळातनं देठात चढलं, देठातनं पानात चढलं," हौसा म्हणाली. "कुनी ढकललं न्हाई, कुनी वडलं न्हाई. पानांची झाली वडी!"

"लबाडी!" वामनपंत ओरडले. "पायऱ्या पाणी कुठे चढलं? तू टोपलीत घालून आणलंस!"

"दिवानजी, राजघराण्यातलं पानी त्ये!" हौसाने गालाला हात लावला. "त्येनं काय पायी चढायचं? सरकार सोता पालखीतनं येत्यात!"

वामनपंतांनी महाराजांकडे पाहिलं. महाराजांनी छताकडे पाहिलं. मग दिवाणांनी शेवटचा हुकमी पत्ता काढला.

"बरं, राजवाड्यात आलं. पण हुकूम पुरा आहे का? ते राजवाड्याच्या गटारात जायचं होतं! ते कधी जाणार?"

"उद्या सकाळी!" हौसा हात जोडून म्हणाली. "सोता सरकारच पोचवतील!"

रावबाने डोळे गच्च मिटले. घागरीवर निभावलं असतं, आता मानेवरच बेतलं, असं त्याला वाटलं.

आधी महाराजांचं पोट हललं, मग मिशा हलल्या, आणि मग असं हसू फुटलं की पाटावरून ते मागच्या मागे कलंडले! दोन भोयांनी उचलून बसवलं तरी हसतच होते.

"वामनपंत, लिहा! मोटारखान्यामागची सगळी जमीन हौसाला इनाम! रावबाला बसून पगार, आणि त्याने एकही पायरी चढायची नाही! तो ओव्हरसियर सापडला तर त्याला हिच्या हाताखाली द्या, अळू खुरपायला!"

रावबाने डोळे उघडले आणि तिथेच फतकल मारून बसला. गुडघे दुखले नाहीत.

ताटात एक वडी उरली होती. महाराजांनी तिच्याकडे जरा वेळ निरखून पाहिलं, पायथ्याच्या दिशेने मोटारसाहेबांना मुजरा केला आणि वडी तोंडात टाकली.