येसबाची विरळणी

हेळेवाडीला येसबा नावाचा एक भोळा शेतकरी राहायचा. 'भोळा' हा शब्द त्याच्या बायकोचा. गाव दुसरा शब्द वापरायचं.

शेत मात्र बघण्यासारखं होतं. मक्याच्या ताटांवर चवळीचे वेल, पलीकडं भुईमूग, खालच्या पट्टीत शाळू ज्वारी, आणि बांधावर चंद्री म्हशीसाठी पुरुषभर उंच हत्तीगवत. ही सगळी मांडणी तानूबाईची, म्हणजे त्याच्या बायकोची. येसबा औत हाकायचा. बैलांना वाट माहीत होती.

एक दिवस तानूबाई माळ्यावरून पडली. गुडघ्यापर्यंत प्लास्टर. त्यातच लेक कुसुम घरात बाळंतीण. बारसं सहा दिवसांवर आलेलं, आणि कुसुमची सासरची माणसं पहिल्यांदाच जेवायला येणार.

तानूबाई सोप्यात पाय पसरून बसली आणि म्हणाली, "आता मी सांगते, तुम्ही करा. सांगते तेवढंच करा."

"तेवढंच करीन," येसबा म्हणाला. त्यानं शब्द पाळला. तिथंच घोटाळा झाला.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, "शाळवात गवत माजलंय. गवत दिसेल तिथं मुळासकट उपटा."

येसबा रानात गेला. शाळवातलं गवत वीतभर होतं. बांधावरचं त्याच्या डोक्याच्या वर गेलेलं. मोठ्या कामाला आधी हात घालावा, असा त्यानं विचार केला. दिवस मावळेपर्यंत सगळा बांध मोकळा केला. हाताला फोड आले.

तानूबाईनं कपाळावर हात मारला. "अहो, ते चंद्रीचं हत्तीगवत! ते उपटायचं नसतं. जमिनीवर चार बोटं ठेवून कापायचं, म्हणजे परत फुटतं."

"हे सकाळीच सांगायचंस," येसबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिनं भाजीला चवळीच्या शेंगा मागितल्या. येसबानं प्रत्येक वेलाशी वाकून चार बोटं मोजली आणि कापलं. सगळी चवळी भारा बांधून डोक्यावरून आणली.

"वेल का कापले?"

"परत फुटतील की!"

"चवळी आणि हत्तीगवत एक आहे का? शेंगा काढताना झाडाला धक्का लावायचा नाही. नुसत्या शेंगा बघायच्या आणि तोडायच्या."

येसबानं मान हलवली. झाडाला धक्का नाही, नुसत्या शेंगा. हे तो झोपेपर्यंत पुटपुटत होता.

मग तिनं त्याला भुईमुगाच्या शेंगा आणायला पाठवलं. तो पाटी घेऊन गेला. एकेका रोपाची पानं हळूच बाजूला करून बघितली. फांद्या बघितल्या. शेंडे बघितले. एक शेंग दिसेना. तो तडक पोलीसपाटलांच्या दारात गेला.

"पाटील, चोरी झाली. सगळा भुईमूग नेला."

"रोपं नेली?"

"नाही. रोपं जागच्या जागी. नुसत्या शेंगा नेल्या. चोर हुशार आहे, झाडाला धक्का लागू दिला नाही."

पाटील दोन माणसं घेऊन रानात आले. पाऊलखुणा बघितल्या. येसबाच्या सापडल्या. मग त्यांनी वाकून एक रोप उपटलं. खाली पंधरा-वीस शेंगा लोंबत होत्या. पाटलांनी ते येसबापुढं धरलं. येसबा बोलला, "बघा, पुरून ठेवल्यात!"

घरी आल्यावर तानूबाईनं त्याला समोर बसवून समजावलं. "भुईमूग जमिनीत धरतो. वरचा पाला म्हशीला, खालचं आपल्याला. एवढं लक्षात ठेवा."

त्यानं ठेवलं. म्हणून मक्याची कणसं आणायला गेला तेव्हा वरचं सगळं चंद्रीपुढं टाकलं आणि खालचं खणून, ओढ्यात स्वच्छ धुऊन पाटीभर घरी आणलं. तानूबाईनं ती मुळं परसात ओतायला लावली. चंद्रीनं दीड पाटी कणसं खाल्ली आणि संध्याकाळी अर्धा लिटर दूध जास्त दिलं. त्या घरात तेवढं एकच जनावर येसबाच्या शेतीवर खूश होतं.

बारशाच्या आदल्या दिवशी तानूबाईनं देवाचं नाव घेतलं आणि शेवटचं काम सांगितलं. चाऱ्याचा नवा मका फार दाट उगवला होता. त्याची विरळणी करायची होती. या वेळी तिनं फोड करून सांगितलं, "दाटी झाली की एकमेकांचं खातात, कुणालाच पुरत नाही. एकाआड एक काढायचं. मरतुकडं दिसेल ते आधी. काढलेलं वाया घालवायचं नाही, चंद्रीपुढं नेऊन टाकायचं."

आणि काय सांगावं, येसबानं ते बिनचूक केलं. शेजारणी बघून आल्या आणि म्हणाल्या, वाफा कसा नजर लागण्यासारखा दिसतोय. तानूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "जमलं हो तुम्हाला!" असं ती लग्नानंतर पहिल्यांदाच म्हणाली. येसबाची छाती फुगली.

त्याच भरवशावर दुसऱ्या दिवशी तिनं पंगत त्याच्यावर सोपवली. स्वयंपाक शेजारणी बघत होत्या. ती आत कुसुमपाशी बसली. जाताना एवढंच म्हणाली, "पाहुण्यांकडं लक्ष ठेवा. दाटी होऊ देऊ नका."

पंगत बसली. मांडव लहान, माणसं फार. मांडीला मांडी लागलेली. येसबा कमरेवर हात ठेवून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला. मग वाकून एकेकाच्या दंडाला धरू लागला. एकाआड एक.

"उठा पाहुणं. तुमची सोय तिकडं."

पाहुण्यांना वाटलं, खास मान आहे. ते हसत उठले. ज्यांना उठवलं नाही त्यांतले दोघं-तिघं रुसले.

थोड्या वेळानं तानूबाई काठी टेकत बाहेर आली. पंगत सुटसुटीत बसलेली. दोन पानांमध्ये हातभर जागा. वाढणाऱ्या बायका खुशीत. पण कुसुमच्या सासूबाई दिसेनात. त्या अंगानं काडीसारख्या होत्या, तरी एवढ्या मोकळ्या पंगतीत नजरेला पडल्या असत्या.

"अहो, विहीणबाई कुठं आहेत?"

"त्यांना सगळ्यांच्या आधी काढलं," येसबा म्हणाला. "फारच मरतुकड्या होत्या."

"काढलं? काढून कुठं ठेवलं?"

येसबानं अभिमानानं गोठ्याकडं बोट दाखवलं. दावणीला अकरा पाहुणे ओळीनं उभे होते. मधोमध विहीणबाई. चंद्री त्यांच्या नव्या लुगड्याचा पदर हुंगत होती.

"वाया काही घालवलं नाही," तो म्हणाला. "पण चंद्री अजून तोंड लावत नाही. बारीक कापून घालू का?"