बुजलेल्या विहिरींची फ्लॉपी

फ्लॉपींचा जमाना कधीच सरला होता, तरी तालुक्याच्या पाणी कचेरीतल्या कपाटात एक फ्लॉपी ड्राइव्ह उरला होता. सोबतीला बुरशी धरलेली एकच फ्लॉपी. ती त्याला बुजलेल्या विहिरींची नावं सांगायची. तो विसरायचा, ती पुन्हा सांगायची.

टंचाईच्या साली कचेरीतल्या कुंदाताईंनी दोघांना टेबलावर घेऊन संगणकाला जोडलं.

"आता वाचलंस तर मी खरवडून निघेन, कोरी होईन," फ्लॉपी म्हणाली.

"मग मी अडूनच बसतो. तुझ्याशिवाय मला आहे कोण?"

"वेड्या, माणसं तहानलीत. वाच!"

त्यानं कुरकुरत वाचलं. पडद्यावर एकेक विहीर ठिकाणासकट उमटली.

"सापडल्या गं बाई!" कुंदाताई ओरडल्या.

दोघं परत कपाटात आली.

"एक तरी नाव सांग ना," ड्राइव्ह म्हणाला.

फ्लॉपी बोलली नाही. सगळी नावं त्याच्यातूनच गेली होती, पण त्याला एकही आठवेना.