धूर नसलेली शेगडी

एका खाडीच्या काठी एकदा एक वृद्ध नाखवा राहत असे. मासेमारी त्याने केव्हाच सोडली होती. पण होडी कशी हाकावी, वारा कसा ओळखावा, हे शिकायला तरुण त्याच्याकडे येत. त्यांत दोघे सख्खे भाऊ होते. थोरला अबोल, धाकटा हिराजी बडबड्या. दोघांचा मुक्काम बहुतेक होडीवरच. पत्र्याच्या घमेल्यात ओली वाळू, तिच्यावर कोळशाची लहान शेगडी, आणि त्या शेगडीवर त्यांचा भात नि कालवण शिजे.

पौषातल्या एका बोचऱ्या सकाळी हिराजीला ताप भरला. थोरल्याने होडीवर ताडपत्री ओढली, चारी बाजूंनी दोऱ्या आवळल्या, भावाला ऊब मिळावी म्हणून पेटती शेगडी आत ठेवली आणि तो औषधासाठी गावात गेला. निखारे लाल होते, धुराचा लवलेशही नव्हता. तो परतला तेव्हा हिराजी झोपल्यासारखा दिसत होता. तो पुन्हा उठला नाही.

थोरल्याने ती शेगडी खाडीत फेकून दिली. आईला एवढेच सांगितले, "तापाने गेला."

त्यानंतर तो रडला नाही. कोणी विचारले तर म्हणे, "बरंय माझं." घरी आला तरी आईकडे न पाहता चार घास गिळायचा आणि उठायचा. शेवटी आई नाखव्याकडे आली.

"नाखवा, एक गेला तो एकदाच गेला. हा दुसरा रोज थोडाथोडा जातोय. काहीतरी करा."

दुसऱ्या दिवशी दुपारी नाखवा आपल्या या थोरल्या शिष्याच्या होडीत येऊन बसला. "आज तुझ्या हातचं जेवणार. पण भात मोकळा कर हो, आमच्या सूनबाईसारखी पेज नको."

शिष्य हसला नाही. त्याने नव्या शेगडीत कोळसे पेटवले, पातेले चढवले. निखारे स्वच्छ फुलले. तेवढ्यात नाखव्याने होडीच्या तळाशी पडलेली नारळाच्या काथ्याची ओली सोडणे उचलली आणि निखाऱ्यांवर ठेवली. भसाभस धूर उठला.

"नाखवा, हे काय करताय? भाताला वास लागेल!"

"लागू दे." म्हाताऱ्याने आणखी एक सोडण टाकले. वारा पडलेला होता, धूर हलेना. दोघेही खोकू लागले. "डोळे झोंबतात?"

"झोंबणारच ना!"

"पुसू नकोस."

थोड्या वेळाने धूर विरला. शिष्याचे डोळे मात्र वाहतच राहिले. मग तो गुडघ्यांत डोके घालून हुंदके देऊ लागला. "मीच ठेवली होती आत. दोऱ्या मीच आवळल्या."

"तुझी नवी शेगडी पाहिली, तेव्हाच मला कळलं," नाखवा हळूच म्हणाला. "अरे, धूर झाला की माणूस खोकतो, बाहेर पळतो, वाचतो. धूर नसलेल्या शेगडीचं विष दिसत नाही; बंद जागेत तिच्यापाशी तो निर्धास्त झोपतो आणि उठत नाही. तीच शेगडी तू आता स्वतःच्या आत ठेवली आहेस आणि वरून दोऱ्या आवळल्या आहेस. तुझी आईही त्याच ताडपत्रीखाली घुसमटते आहे." त्याने पातेले शेगडीवरून खाली उतरवले. "मी तुम्हाला वारा शिकवला, भरती शिकवली. ही एक गोष्ट सांगायची राहिली. तेव्हा त्या दोऱ्यांना माझाही हात लागलेला आहे. आईला हेही सांग."

"ती मला क्षमा करील?"

"ते मला ठाऊक नाही. तू दोरी सोड."

शिष्य होडीतून काठावर उतरला. ते पातेले तसेच हातात घेऊन तो घरी गेला, आईसमोर बसला आणि सगळे सांगितले. शेगडीचे, दोऱ्यांचे, नाखव्याचेही.

आईने हात उगारला, तो हवेतच राहिला. मग तिने पातेल्यावरचे झाकण काढले. भाताला धुराचा उग्र वास येत होता. तिने दोन ताटे घेतली, थोडा त्याला वाढला, थोडा स्वतःला.

"जेव," ती म्हणाली. आणि कितीतरी दिवसांनी ती त्याच्यासमोर मोठ्याने रडली.

आपल्या घरात कोणी फार दिवस नुसतेच "बरंय माझं" म्हणत असेल, तर त्याच्यापाशी जरा वेळ बसावे.