ओस गावातला धूर

"मग माणसंच नसतील, तर सारा घ्यायचा तरी कुणाकडून?"

कमाविसदार यादोपंतांनी घोड्यावरूनच विचारलं. वडजीच्या वेशीशी बसलेल्या नूरशा फकिरानं मान वर केली नाही.

गाव उठून गेलं होतं. गेल्या साली पंतांनी चढा सारा बसवला, वसुलीला स्वार घातले. गाव गुरंढोरं, गाडगीमडकी घेऊन नदीपलीकडे, दुसऱ्या राजाच्या मुलखात गेलं. आता दसऱ्याच्या आत वसूल पोचला नाही, तर पंतांचं पद जाणार होतं.

"बोलावणं धाडलंत?" फकिरानं विचारलं.

"धाडलं की. स्वार गेले होते."

फकीर हसला. "स्वारांना भिऊन पळालेली माणसं स्वारांच्या हाकेनं येतील होय? हे मागं उभे स्वार परत पाठवा. तुम्ही खाली उतरा."

पंतांनी स्वारांना माघारी धाडलं, मग उतरले.

फकिरानं त्यांना पहिल्याच घरात नेलं, गार चुलीत ओली लाकडं सारली आणि फुंकणी पुढे केली.

"फुंका."

"मी?"

"दुसरं आहे कोण गावात?"

पंत फुंकू लागले. डोळे चुरचुरले, धूर छपरातून वर चढला. फकीर झोळीतल्या पिठाच्या भाकऱ्या निवांत थापत बसला.

थोड्या वेळानं दारात धूर पाहून नदी उतरून आलेली, ओल्या लुगड्यातली म्हातारी उभी राहिली. घराची मालकीण, कोंडाई.

"माझ्या चुलीत कोण मेलं फुंकतंय?" मग तिनं ओळखलं. "हा तर वसुलीवाला."

"तोच," फकीर म्हणाला. "पण फुंकता येत नाही त्याला."

कोंडाईनं फुंकणी हिसकली. एका फुंकरीत जाळ झाला.

"यंदा किती मागणार, पंत?"

आकडा पंतांच्या ओठांवर आला होता... पण त्यांनी तो गिळला.

"यंदा काही नाही, बाई. पुढल्या साली चौथाई, त्यापुढे निम्मा. शेतं पुन्हा पिकू लागली की मग पुरा."

"आणि स्वार?"

"गेले."

"चुलीवर हात ठेवून सांगा."

चूल तापली होती. पंतांनी हात ठेवला.

कोंडाई नदीकाठी गेली आणि तिनं पदर हलवला. दिवस कलला तशी पलीकडची माणसं बैलांसकट पाण्यात उतरू लागली. येईल तो चुलीपाशी टेकत होता, टोपलीतली भाकरी खात होता.

पंत भिंतीला टेकून बसले. "शाहबाबा, यंदाचा वसूल तर मीच सोडून दिला. राजाला कळवू काय?"

फकिरानं रिकामी टोपली उपडी करून झटकली.

"कळवा, वडजीत आज भाकऱ्या कमी पडल्या."