फेटा का भिजला?

करंजवडच्या दरबारात सरकारांच्या पोटाला पोट म्हणायची सोय नव्हती; त्याला 'वैभव' म्हणत. त्या वैभवापायी सरकारांना स्वतःचे जोडे दिसेनासे झाले, तरी कुणी ब्र काढला नाही.

पण डोकं ठणकू लागलं, तेव्हा त्र्यंबकवैद्यांनी नाडी धरली आणि सरळ सांगून टाकलं, "सरकार, रक्ताचा दाब वाढलाय. पोट उतरवा."

सरकार लालबुंद झाले. "दुखतंय वर आणि दोष देता खाली? संबंध दाखवा, नाहीतर दिवस मावळायच्या आत संस्थान सोडा!"

दाराशी सडा मारणाऱ्या दादू पखालीनं हे ऐकलं. याच वैद्यांनी त्याच्या बायकोला तापातून उठवलं होतं. त्यानं पाण्यानं तट्ट भरलेली कातडी पखाल दरबारात आणून आडवी ठेवली, मुजरा केला आणि तिचं तोंड वर करून सैलसर मुठीत धरलं.

"सरकार, गरिबाच्या पखालीवर क्षणभर बसावं."

नवल वाटून सरकार बसले, वैभवासकट बसले. पाण्याची चिळकांडी उडाली ती थेट जरीच्या फेट्यावर.

"गाढवा, फेटा भिजवलास!"

"सरकार तर खाली बसले," दादू शांतपणे म्हणाला, "आणि फेटा आहे वर. संबंध काय?"

दरबारात कुणी हसलं नाही. तीही सोय नव्हती. सरकारांच्या नाकावरून पाणी ओघळत राहिलं. ते पुसत त्यांनी हळूच विचारलं, "मग यावर उपाय?"

"आधी उठावं, सरकार."