हेरंबबुवांनी कीर्तन थांबवलं

“पण तो बोलेल ना, बुवा?”

हेरंबबुवांनी पुन्हा तेच विचारलं.

धुंडाबुवा पावटे सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

कृष्णाकाठच्या गणपतीच्या देवळामागं एका खोलीत ते राहत. आयुष्यभर कीर्तनं केली, शिष्य तयार केले. घशाच्या ऑपरेशननंतर आवाज गेला. उरली ती कुजबुज. समोर बसलेले हेरंबबुवा हे त्यांचे सगळ्यांत नावाजलेले शिष्य. ते उभे राहिले की मांडव भरायचा, आणि त्यांनी तोंड उघडलं की भरला मांडव गप्प व्हायचा. हे त्यांनाही चांगलं ठाऊक होतं.

त्यांचा मुलगा निनाद चार वर्षांचा झाला होता. अजून एक शब्द बोलत नव्हता.

तो आत्ता खांबाशी बसून एक पितळी झाकण फरशीवर गरगर फिरवत होता. हाक मारली तरी बघत नव्हता. शेजारी त्याची आई, वैदेही.

“वेखंड उगाळून चाटवलं,” हेरंबबुवा म्हणाले. “सरस्वतीला अभिषेक केला. आता तुम्ही सांगा. कसलंही अनुष्ठान सांगा, मी करतो.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

हेरंबबुवा खांद्यावरचं उपरणं सारखं करू लागले.

नवरा बोलत नाही हे पाहून वैदेहीच म्हणाली, “ऑटिझम असू शकतो म्हणाले. मिरजेला लहान मुलांचं केंद्र आहे, तिथं तपासून घ्या. स्पीच थेरपी लगेच सुरू करा, वाट बघत बसू नका, असं म्हणाले. उन्हाळ्यात सांगितलं होतं, बुवा. आता दिवाळी आली.”

“असू शकतो म्हणाले,” हेरंबबुवा ताडकन बोलले. “आहे असं नाही म्हणाले! मुलं उशिरा बोलतात. माझा चुलतभाऊ किती उशिरा बोलला, आज वकील आहे.”

“मग माझ्याकडं कशाला आलास?”

“बुवा, मी शब्दांवर जगणारा माणूस. आणि माझ्याच घरात…”

वाक्य पुरं झालं नाही. निनाद उठून आला होता आणि बापाचं बोट धरून ओढत होता.

“थांब रे. बोलतोय ना मी.” हेरंबबुवांनी हात सोडवून घेतला.

निनादनं मग धुंडाबुवांचं मनगट धरलं. त्यांनी शेंगा खाली ठेवल्या, गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि मुलगा नेईल तिकडं गेले. कोपऱ्यात माठ होता. मुलानं त्यांचा तळहात उचलून माठाच्या झाकणीवर ठेवला.

धुंडाबुवांनी भांडं बुडवून दिलं. मुलगा घटाघटा प्यायला आणि परत खांबाशी जाऊन बसला.

“काय म्हणाला, कळलं का?” धुंडाबुवांनी विचारलं.

“कोण?”

“निनाद. आत्ता माझ्याशी बोलला की.”

“ती नुसती खूण झाली, बुवा. बोलणं नव्हे ते.”

धुंडाबुवांनी गळ्यावरच्या व्रणावर बोट ठेवलं.

“ऑपरेशननंतर कितीतरी दिवस मी खुणाच करत होतो. तू रोज यायचास. तेव्हा मी तुझ्याशी बोलत नव्हतो का रे?”

हेरंबबुवांनी पावट्याची एक शेंग उचलली आणि तशीच परत ठेवली.

“अनुष्ठान सांगतो. करशील?”

“प्राण पणाला लावून.”

“प्राण राहू दे. सोमवारी पोराला मिरजेला ने. आणि घरात जरा कमी बोल.”

“हे… अनुष्ठान?”

“जड जाईल तुला.”

“आणि एवढं करूनही तो बोलला नाही तर?”

धुंडाबुवा पुन्हा पावटे सोलू लागले.

हेरंबबुवा रागानं उठले. सोमवार आला आणि गेला. वैदेहीनं बॅग भरली होती, ती तिनं मुकाट्यानं रिकामी केली.

त्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी हेरंबबुवा खणखणीत आवाजात नवं आख्यान घोळवत होते. निनाद कानांवर हात ठेवून आतल्या खोलीत भिंतीवर डोकं आपटू लागला. वैदेही धावली. हेरंबबुवाही धावले.

“काय होतंय? सांग ना! अरे, तोंड उघड, काय होतंय ते सांग!”

आवाज चढत गेला. मुलगा जास्तच आपटू लागला. वैदेहीनं त्याला कसंबसं भिंतीपासून ओढलं. तो तिच्या हातातून सुटला, थेट बापाकडं आला, आणि दोन्ही तळहात त्यानं बापाच्या तोंडावर दाबून धरले.

हेरंबबुवा गप्प झाले.

मुलगाही शांत झाला. हात मात्र त्यानं काढले नाहीत.

ते तसेच खाली बसले. त्या एवढ्याशा तळहातांच्या वर त्यांचे डोळे भरून आले. पुष्कळ वेळानं मुलानं हात काढले, तेव्हा ते अगदी हळू म्हणाले,

“वैदेही, आवर. मिरजेला जायचंय.”

केंद्रातल्या थेरपिस्ट होत्या शगुफ्ता मुलाणी. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ऑटिझम आहे.

हेरंबबुवांनी शगुफ्ताबाईंनाही तोच प्रश्न विचारला. “पण तो बोलेल ना?”

“शब्द येतील की नाही, किती येतील, ते आज मी नाही सांगू शकत,” त्या म्हणाल्या. “पण आपल्याला काय हवंय ते दुसऱ्यापर्यंत पोचवणं, हे आजपासून शिकवू. त्याला आणि तुम्हाला.”

“मला?”

“निनादचे बाबा, तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तरही तुम्हीच देऊन टाकता. विचारा. मग थांबा.”

थांबा…

मांडवात ज्यांना कुणी कधी थांबवलं नव्हतं, ते हेरंबबुवा थांबायला शिकू लागले. जमिनीवर, मुलाच्या डोळ्यांसमोर बसायचं. एकच शब्द म्हणायचा. एक चित्र दाखवायचं. मग ओठ मिटून वाट बघायची. घाम फुटायचा त्यांना. बाहेरगावची कीर्तनं त्यांनी नाकारली. लोक कारण विचारत. आधी ते तब्येत सांगायचे. पुढं पुढं खरं सांगू लागले.

निनादनं चित्रांची कार्डं फाडली. वैदेहीनं नवी केली. तीही फाडली. एकदा हेरंबबुवांनी उरलेली कार्डं स्वतःच भिरकावून दिली आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. आत आले तर वैदेही ती गोळा करत होती. तेही खाली बसले, पलंगाखाली गेलेली काढू लागले.

मग एका दुपारी निनाद आला, चिवड्याचं चित्र असलेलं कार्ड त्यानं बापाच्या हातात ठेवलं आणि वाट बघत उभा राहिला.

हेरंबबुवा डबा आणायला असे धावले की दारात अडखळले.

“वैदेही! चिवडा मागितला! माझ्याकडं मागितला गं!”

निनादनं कानांवर हात ठेवले. हेरंबबुवांनी चटकन स्वतःच्या तोंडावर हात मारून घेतला. वैदेही हसता हसता रडायला लागली.

दुसऱ्या वर्षी माघात देवळाच्या उत्सवाला धुंडाबुवांनी निरोप धाडला : कीर्तन हेरंबानंच करायचं. मुलाला घेऊन ये.

मांडव तुडुंब. बायका, म्हातारे, नदीपलीकडच्या गावांतले लोकसुद्धा. पहिल्या रांगेत धुंडाबुवा. कडेला वैदेही आणि निनाद. आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून त्याच्या कानांवर जाड हेडफोन. हेरंबबुवांच्या उपरण्याला बिनतारी माइक लावलेला. तसा आवाज बऱ्याच दिवसांत कुणी ऐकला नव्हता. आख्यान रंगलं. आता शेवटचा प्रसंग. लोक श्वास रोखून बसलेले.

आणि निनाद उठला. वैदेहीनं हात पुढं करेपर्यंत तो मंचावर पोचला होता.

“अहो, पोराला धरा कुणीतरी!” मागून कुणीतरी ओरडलं.

हेरंबबुवांनी हात वर केला. तबला थांबला. पेटी थांबली.

“माझा मुलगा माझ्याशी बोलतोय,” ते लोकांना म्हणाले. “जरा थांबा.”

भर मंचावर ते मांडी घालून बसले. निनादनं खिशातून कार्ड काढून त्यांच्या हातावर ठेवलं. त्यावर झोक्याचं चित्र होतं.

देवळाच्या आवारात वडाला दोरांचा झोका टांगलेला होता.

हेरंबबुवांनी झांजा खाली ठेवल्या. मुलाचं बोट धरलं आणि माणसांच्या मधून वाट काढत ते बाहेर निघाले. कुणी कुजबुजलं, कुणी नाक मुरडलं. धुंडाबुवाही काठी टेकत मागोमाग निघाले, तशी कुजबुज बंद झाली.

निनाद झोक्यावर बसला. शगुफ्ताबाईंनी शिकवलं होतं : झोका मागं ओढून धरायचा आणि त्यानं काहीतरी कळवेपर्यंत थांबायचं. त्यानं बघितलं तरी चालेल, हात हलवला तरी चालेल.

हेरंबबुवांनी झोका मागं ओढला. थांबले.

…

उपरण्यावरचा माइक बंद करायचा राहून गेला होता. मांडवातल्या कर्ण्यांतून वडाच्या पानांची सळसळ येत होती आणि हेरंबबुवांचा श्वास. पुढं काय होणार कुणालाच ठाऊक नव्हतं, पण सगळा मांडव थांबला होता.

निनादनं मान वळवून बापाकडं पाहिलं. ओठ हलले, मिटले. पुन्हा हलले.

“सोड!”

कर्ण्यांतून तो शब्द मांडवभर गेला, नदीपर्यंत गेला. माणसं उठून उभी राहिली. टाळ्या वाजवायला हात उचलले गेले. मांडवाच्या तोंडाशी उभ्या वैदेहीनं ओठांवर बोट ठेवलं, तशी शेकडो माणसं हात तसेच वर धरून, न वाजवता, रडत-हसत उभी राहिली.

हेरंबबुवांच्या हातांतून दोर सुटेनात. ते गुरूकडं वळले.

“बुवा… बोलला! बुवा, ऐकलंत? निनाद बोलला!”

“सोड!” निनाद पुन्हा म्हणाला. या वेळी जरा रागानं.

धुंडाबुवा काठीवर भार देऊन अगदी जवळ आले.

“ऐकलं,” ते कुजबुजले. “आता सोड.”